मापं आधी, आकडा नंतर

‘तू किती सीसीचं बसवलंस?’

ट्रान्स स्त्रियांमध्ये स्तनांच्या ऑपरेशनचा विषय निघाला की पहिला प्रश्न बहुधा हाच असतो. उत्तर येतं, ‘साडेतीनशे.’ ऐकणारीच्या डोक्यात तो आकडा घर करून बसतो. डॉक्टरांसमोर खुर्चीत टेकता टेकताच ती सांगून टाकते, ‘मलापण साडेतीनशेच हवेत.’ मैत्रिणीला ब्लाउज छान बसला म्हणून तिच्याच मापाने आपलाही शिवून घ्यावा, तसं हे होतं. ब्लाउज उसवता तरी येतो. छाती पुन्हा उघडायची म्हणजे पुन्हा भूल, पुन्हा टाके आणि पुन्हा खर्च.

आकड्याकडे आपण जाणारच आहोत. पण त्याआधी हार्मोनचा काळ, छातीची ठेवण, कातडीचा ताण आणि तुमचं रोजचं काम या गोष्टी पाहाव्या लागतात. त्या नीट पाहिल्या की आकडा बराचसा आपोआप ठरतो.

१. हार्मोन सुरू आहेत, मग ऑपरेशन कधी?

इस्ट्रोजेन सुरू झाल्यावर साधारण तीन ते सहा महिन्यांत स्तनाग्रांच्या मागे दुखरी गाठ हाताला लागते. कपडा घासला तरी कळ येते. वयात येणाऱ्या मुलीला जे होतं तेच हे. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ जेम्स टॅनर यांनी मुलींच्या स्तनांच्या वाढीच्या पाच पायऱ्या सांगितल्या आहेत. ट्रान्स स्त्रीचं शरीरही त्याच पायऱ्या चढतं, पण पुष्कळ जणींची चढण शेवटच्या पायरीच्या आधीच थांबते.

युरोपातल्या काही मोठ्या केंद्रांनी मिळून केलेला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात २२९ ट्रान्स स्त्रियांची हार्मोनच्या पहिल्या वर्षातली वाढ टेपने मोजली होती. वर्ष संपताना जवळजवळ निम्म्या जणींची वाढ ब्राच्या सगळ्यात लहान कपाइतकीही भरली नव्हती, आणि जी झाली ती बरीचशी पहिल्या सहा महिन्यांतली होती. हे वाचून कुणी हिरमुसेल, पण मला ते सांगणं गरजेचं वाटतं. ‘माझ्यातच काहीतरी कमी आहे’ असं मनात धरून बसलेल्या अनेक जणी आहेत. त्यांच्यात काही कमी नाही, बहुतेकींचं असंच होतं.

मग वाढ इतकीच होणार असेल तर थांबायचं कशाला? कारण हार्मोन दोन कामं करतात. एक, स्वतःची थोडी का होईना ग्रंथी आणि चरबी तयार होते, आणि ऑपरेशनमध्ये छातीत बसवतात त्या पिशवीवर, म्हणजे इम्प्लांटवर, पांघरूण घालायला तीच उपयोगी पडते. दोन, कातडी सैलावते आणि स्तनाग्राभोवतीचं गडद वर्तुळ थोडं रुंदावतं. वाढ पूर्ण व्हायला दोन ते तीन वर्षं लागतात. पारलिंगी व्यक्तींच्या आरोग्यासाठी काम करणाऱ्या ‘डब्ल्यूपॅथ’ या जागतिक संघटनेने २०१२ च्या मार्गदर्शिकेत सांगितलं होतं की स्तनांच्या ऑपरेशनआधी निदान बारा महिने हार्मोन घेणं चांगलं. ही सक्ती नव्हती, ऑपरेशनचा निकाल चांगला यावा म्हणून दिलेला सल्ला होता. माझं मत विचाराल तर, तब्येत साथ देत असेल तर दीड-दोन वर्षं थांबणारीचा निकाल वर्षाच्या आत घाई करणारीपेक्षा चांगला येण्याची शक्यता जास्त.

काही जणी ही वाट लवकर सरावी म्हणून गोळ्या दुप्पट करतात, किंवा मेडिकलमधून गर्भनिरोधक गोळ्यांची पाकिटं आणून चार-चार घेतात. अढीत घातलेल्या आंब्याला त्याचे दिवस द्यावेच लागतात. कार्बाइड टाकलं तर साल पिवळी होते आणि आत आंबा कच्चाच राहतो. इथे तर त्याहून वाईट गोष्ट होऊ शकते. गर्भनिरोधक गोळ्यांतलं इथिनिल इस्ट्राडिओल हे औषध मोठ्या मात्रेत घेतलं की पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, आणि ती गुठळी फुप्फुसात गेली तर जीव जाऊ शकतो. जास्त मात्रेने स्तन जास्त वाढतात याला आधार नाही.

२. छातीची ठेवण

वयात येताना टेस्टोस्टेरॉनने शरीर जसं घडवलं, तसाच छातीचा सांगाडा राहतो. हार्मोनने हाडं बदलत नाहीत. म्हणून ट्रान्स स्त्रीच्या छातीवर ऑपरेशन करताना सर्जनला चार गोष्टी वेगळ्या दिसतात.

छाती रुंद असते आणि मधलं हाड, म्हणजे उरोस्थी, त्या मानाने रुंद असतं. छातीचा मोठा स्नायू जाड असतो. स्तनाग्रं लहान आणि जरा बाहेरच्या बाजूला असतात. स्तनाग्रापासून स्तनाखालच्या घडीपर्यंतचं अंतर कमी असतं, आणि तिथली कातडी ताठ असते.

यातली तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त गैरसमज करून देते. बहुतेकींना दोन स्तनांच्या मधली खोलगट रेघ हवी असते. त्या म्हणतात, ‘डॉक्टर, दोन्ही जरा जवळ आणा.’ आता समजा, इम्प्लांटची उशी आतल्या बाजूला सरकवली. स्तनाग्र तर कातडीवर आहे त्याच जागी राहणार. मग ते उशीच्या मध्यावर न राहता बाहेरच्या उतारावर जाईल, आणि दोन्ही स्तनाग्रं दोन दिशांना बघू लागतील. शिवाय मधल्या हाडाला चिकटलेले स्नायू जास्त सोडवले तर दोन्ही उशा मध्ये येऊन एकमेकींना भिडतात. ते दुरुस्त करणं फार अवघड जातं. म्हणून चांगला सर्जन या मागणीला सरळ ‘हो’ म्हणत नाही. मधलं अंतर थोडं राहणारच असं तो सांगतो, आणि उशीची रुंदी निवडून ते जितकं कमी करता येईल तितकं करतो. उरलेलं काम ब्रा करते, आणि ते कुठल्याही बाईच्या बाबतीत खरं आहे.

चौथी गोष्ट कातडीची. टेप ताणून धरून स्तनाग्रापासून घडीपर्यंत मोजलं आणि ५ सेंटिमीटर भरलं असं समजू. सुमारे ३०० सीसीचं इम्प्लांट नीट बसायला तिथे साधारण ८ सेंटिमीटर लागतात. म्हणजे सर्जनला घडी खाली उतरवावी लागणार. ती उतरवता येते, पण कातडी फारच ताठ असेल तर जुन्या घडीची खूण तशीच राहते आणि स्तन दोन मजली दिसतो. अशा वेळी दोन मार्ग उरतात. एक तर लहान इम्प्लांट घ्यायचं, किंवा आधी फुगवता येणारी पिशवी बसवून काही महिने कातडी हळूहळू ताणायची आणि मग दुसऱ्या ऑपरेशनमध्ये कायमचं इम्प्लांट बसवायचं. अभ्रा लहान आणि उशी मोठी असेल तर शिवण उसवते, हे घरात सगळ्यांनी पाहिलेलं असतं.

३. आता सीसी

सीसी म्हणजे घन सेंटिमीटर. पाण्याच्या बाटलीवरचा एक मिलिलिटर म्हणजेच एक सीसी. आकडा फक्त इम्प्लांटमध्ये किती माल मावतो ते सांगतो. तो छातीवर कसा दिसेल हे आकड्यातून कळत नाही.

एक साधा हिशेब करू. कणकेचा ३०० सीसीचा गोळा घ्या आणि ११ सेंटिमीटर व्यासाच्या डब्यात सपाट दाबा. डब्याच्या तळाचं क्षेत्रफळ सुमारे ९५ चौरस सेंटिमीटर, म्हणून कणीक ३.२ सेंटिमीटर उंच भरेल. तोच गोळा १४ सेंटिमीटर व्यासाच्या डब्यात दाबला तर तळ १५४ चौरस सेंटिमीटरचा आणि उंची दोन सेंटिमीटरहूनही कमी. कणीक तितकीच, पण एका डब्यात वर आलेली दिसते आणि दुसऱ्यात पसरून गेलेली. अरुंद छातीच्या मैत्रिणीला ३०० सीसीने जो उठाव आला, तो रुंद छातीवर त्याच आकड्याने येणार नाही.

म्हणून सर्जन आधी स्तनाच्या पायाची रुंदी मोजतो, तीही टेपने नाही, दोन टोकांच्या चिमट्यासारख्या साधनाने. पाया १३ सेंटिमीटर भरला तर इम्प्लांटचा व्यास त्याच्या आतला, समजा साडेबारा, निवडायचा. व्यास ठरला की कंपनीच्या तक्त्यात त्या व्यासाची चार-पाच इम्प्लांटं सापडतात, काही चपटी, काही उंच. प्रत्येकाचा सीसी वेगळा. निवड त्या चार-पाचांत करायची. आकड्याची गोष्ट एवढीच. जो डॉक्टर मापं न घेता फोनवर किंवा फोटो बघून सीसी सांगतो, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नये.

घरी करून बघण्याची एक सोपी युक्ती आहे. मापाच्या भांड्याने ३०० मिलिलिटर तांदूळ मोजा आणि पातळ मोज्यात किंवा मऊ कापडात भरून गाठ मारा. अशा दोन पुरचुंड्या करून जरा मोठ्या मापाच्या ब्रामध्ये ठेवा आणि घट्ट कुर्ता, साडी, टी-शर्ट घालून आरशासमोर उभ्या राहा. नंतर दिवसभर तशाच वावरा. जिना चढा, झाडू मारा, बसमध्ये बसा. ३०० सीसी सिलिकॉन साधारण ३०० ग्रॅमचं असतं आणि तांदूळ त्याहून थोडे हलके, म्हणून खरं वजन पुरचुंडीपेक्षा जरा जास्तच समजा. दुसऱ्या दिवशी २५० घेऊन बघा, तिसऱ्या दिवशी ३५०. मनातला आकडा या तीन दिवसांत बदलतो, कधी वर जातो आणि कधी खाली. मात्र ब्रामध्ये वरून ठेवलेलं माप शरीरात गेल्यावर बहुधा थोडं लहान दिसतं, तेवढं ध्यानात असू द्या.

४. पिशवी आणि तिची जागा

आज वापरतात ती इम्प्लांटं म्हणजे सिलिकॉनची पिशवी, आत सिलिकॉनचं घट्ट जेल किंवा मिठाचं पाणी. जेलची पहिली इम्प्लांटं १९६२ साली अमेरिकेत ह्यूस्टन इथे थॉमस क्रोनिन आणि फ्रँक गेरो या सर्जनांनी एका बाईच्या छातीत बसवली. रक्ताने भरलेली प्लॅस्टिकची पिशवी गेरो यांच्या हातात आली, ती दाबून पाहताना त्यांना ही कल्पना सुचली, असं सांगतात. त्यानंतरच्या साठ वर्षांत या पिशवीने चांगले दिवस पाहिले आणि वाईटही. १९९२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, सुरक्षिततेचा पुरावा अपुरा म्हणून जेलच्या इम्प्लांटांवर बंधनं आणली आणि २००६ मध्ये ती उठवली. २०१० मध्ये फ्रान्समधल्या पीआयपी या कंपनीचं पितळ उघडं पडलं. वैद्यकीय सिलिकॉनऐवजी औद्योगिक वापराचं स्वस्त सिलिकॉन तिने भरलं होतं. कंपनीच्या संस्थापकाला २०१३ मध्ये चार वर्षांची शिक्षा झाली. २०१९ मध्ये खरखरीत पृष्ठभागाची काही इम्प्लांटं ॲलर्गन कंपनीने जगभरातून परत घेतली, कारण त्यांच्याभोवती एक दुर्मीळ प्रकारचा लिम्फोमा, म्हणजे रक्तपेशींचा कर्करोग, आढळत होता.

हा इतिहास घाबरवण्यासाठी सांगितला नाही. त्यातून तुमच्या हातात दोन प्रश्न येतात. इम्प्लांट कोणत्या कंपनीचं आहे आणि भारतात त्याला केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेचा परवाना आहे का? पृष्ठभाग गुळगुळीत आहे की खरखरीत? उत्तर देताना जो डॉक्टर चिडतो, तिथून उठून यावं.

आता जागा. इम्प्लांट स्तनाच्या ग्रंथीखाली, म्हणजे स्नायूच्या वर ठेवता येतं, किंवा स्नायूखाली. ठरवायची कसोटी साधी आहे. छातीच्या वरच्या भागाची कातडी सर्जन चिमटीत धरतो. चिमटीत दोन सेंटिमीटरपेक्षा कमी जाडी आली तर वर ठेवलेल्या इम्प्लांटची कड दिसण्याची भीती असते. पातळ चादरीखाली ठेवलेली थाळी कशी लगेच ओळखू येते, तसं. अशा वेळी स्नायूचं जाड पांघरूण कामी येतं. बारीक अंगाच्या ट्रान्स स्त्रियांमध्ये वरची चरबी कमी असल्याने सर्जन पुष्कळदा निदान वरचा अर्धा भाग स्नायूखाली ठेवतात.

पण याला दुसरी बाजू आहे. स्नायू आवळला की त्याच्याखालची उशी हलते, कधी वर आणि बाहेर सरकते. ज्यांचा छातीचा स्नायू जाड आहे त्यांच्यात हे जास्त दिसतं. बधाईला जाणारी बाई दिवसातून शेकडो वेळा टाळी वाजवते, आणि त्या टाळीचा जोर छातीच्या याच स्नायूतून येतो. ढोलकीवर नाचणारी, जिममध्ये वजन उचलणारी, गिरणीत पोती हलवणारी, सगळ्यांना हे लागू आहे. म्हणून आपला कामधंदा सर्जनला मोकळेपणाने सांगायला हवा. लाजून ‘घरीच असते’ म्हटलं तर सर्जन चुकीच्या माणसासाठी बेत आखतो.

छेद बहुतेक वेळा स्तनाखालच्या घडीत घेतात. तिथून सर्जनला नीट दिसतं आणि व्रण घडीत झाकला जातो. स्तनाग्राच्या वर्तुळाच्या कडेने छेद घेता येतो, पण ट्रान्स स्त्रीचं वर्तुळ लहान असल्याने तिथून उशी आत घालणं जड जातं. काखेतूनही घेतात. आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर व्रण जाड होण्याची प्रवृत्ती जास्त असते. कान टोचल्यावर किंवा लस टोचल्याच्या जागी ज्यांना गाठीसारखा व्रण आला असेल, त्यांनी ते आधीच सांगावं.

५. स्वतःची चरबी, आणि एक सुई जी घेऊच नये

पोट-मांड्यांवरची चरबी काढून स्तनात भरता येते. बाहेरचं काही शरीरात राहत नाही, ही तिची मोठी बाजू. मात्र ही भाताची लावणी आहे, प्रत्येक रोप जगत नाही. भरलेल्या चरबीतली तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत शरीर शोषून टाकतं. ताठ कातडीत एका वेळी फार भरताही येत नाही. थोडासाच उठाव हवा असेल, किंवा इम्प्लांटची कड झाकायची असेल, तर ही पद्धत उत्तम. काटक अंगाच्या बाईकडे काढायला चरबीच नसते, तिथे विषय संपतो.

आणि आता ती सुई. ब्युटी पार्लरच्या मागच्या खोलीत, कुणाच्या घरी, कुणी ‘डॉक्टरीण’ थेट छातीत द्रव सिलिकॉन किंवा तेल टोचून देते. ऑपरेशनच्या मानाने स्वस्त, तासाभरात घरी. जगभर ट्रान्स स्त्रिया या सुईला बळी पडल्या आहेत. पिशवीतलं सिलिकॉन पिशवीत राहतं, टोचलेलं मात्र मांसात झिरपतं. ते सरकतं, गाठी होतात, कातडी सडते आणि वर्षांनंतरही जंतुसंसर्ग उसळतो. शिरेत गेलं तर फुप्फुसात पोचून काही तासांत मृत्यू येऊ शकतो. एकदा आत गेलेलं सगळं बाहेर काढता येत नाही, कारण ते मांसाशी एकजीव झालेलं असतं. पैसे साठेपर्यंत पॅड वापरा, तीन वर्षं वापरा, पण ही सुई घेऊ नका. तुमच्या घरात, तुमच्या डेऱ्यात कुणी लहान चेली तिकडे निघाली असेल तर तिला थांबवा.

६. आधीचे दोन महिने

डब्ल्यूपॅथच्या २०२२ च्या मार्गदर्शिकेनुसार या ऑपरेशनआधी एका जाणत्या तज्ज्ञाचा अभिप्राय पुरेसा आहे. त्या भेटीत आपण बाई आहोत हे सिद्ध करायला जायचं नसतं. ऑपरेशन म्हणजे काय, ते किती टिकतं, त्यात काय बिघडू शकतं, हे समजून तुम्ही निर्णय घेतलाय का, आणि उदासी किंवा व्यसनासारखं काही असेल तर त्यावर उपचार चालू आहेत का, एवढंच तिथे पाहायचं असतं.

शरीराच्या तयारीत सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते तंबाखूकडे. निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आवळून टाकतं, जखमेला रक्त कमी पोचतं आणि टाके उकलतात. सिगारेट बंद केली म्हणणाऱ्या अनेक जणी मिश्री लावतच असतात. मिश्री, गुटखा, खर्रा, तपकीर, निकोटिनची गोळीसुद्धा, सगळं निदान चार आठवडे आधी आणि चार आठवडे नंतर बंद हवं. सोडणं जमत नसेल तर तारीख पुढे ढकला, त्यात कमीपणा नाही.

ॲस्पिरिन आणि तत्सम गोळ्या, वैदूची चूर्णं, ताकदीच्या कॅप्सूल, सगळ्याची यादी भूलतज्ज्ञाला दाखवा. हार्मोन ऑपरेशनआधी थांबवायचे का, याबद्दल पूर्वी सरसकट ‘हो’ म्हणत. आता अनेक सर्जन रुग्णाचं वय, वजन आणि गुठळीचा पूर्वेतिहास पाहून ठरवतात. स्वतःच्या मनाने थांबवू नका आणि लपवून चालूही ठेवू नका. एचआयव्ही असला आणि औषधाने विषाणू आटोक्यात असला तर ते ऑपरेशन नाकारायचं कारण होत नाही. मधुमेह असेल तर साखर आधी ताब्यात आणावी लागते.

७. हंडा, लोकलची कडी आणि सहा आठवडे

ऑपरेशन पूर्ण भूल देऊन होतं, साधारण एक ते दोन तास लागतात. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी सोडतात. पहिले तीन-चार दिवस छातीवर कुणी दगड ठेवल्यासारखं वाटतं, स्नायूखाली ठेवलं असेल तर जास्तच. आठवड्याभरात हलकी कामं जमतात. चार ते सहा आठवडे मात्र जड उचलणं, हात डोक्याच्या वर नेणं आणि पालथं झोपणं बंद.

कागदावर हे सोपं दिसतं. आता आपल्या घरात आणून बघा. नळाला पाणी आलं की हंडा कोण भरणार? लोकलमध्ये उभं राहून कडी धरायची नाही, तर कामावर जायचं कसं? बधाई आणि टाळी सहा आठवडे बंद म्हणजे सहा आठवड्यांची कमाई बंद. गुरूच्या घरी राहत असाल तर आधीच बोलून ठेवा. एकट्या राहत असाल तर पहिला आठवडा सोबत राहील अशी एक मैत्रीण तारखेआधी पक्की करा. ऑपरेशनसाठी पैसे साठवताना दीड महिन्याचं भाडं आणि किराणा त्यात धरलाच पाहिजे. अनेक जणींचे टाके बाराव्या-पंधराव्या दिवशी कामावर गेल्यामुळे बिघडतात, सर्जनच्या चुकीमुळे नाही.

सुरुवातीला स्तन वर चढलेले, ताठ आणि चकचकीत दिसतात. ‘हे काय करून बसले?’ असं वाटून रडू येतं. कातडी आणि स्नायू सैल होऊन आकार जागेवर यायला तीन ते सहा महिने लागतात. त्याआधी निकालाबद्दल मत बनवू नये. फ्रान्समधल्या सर्जनांनी ३५ ट्रान्स स्त्रियांना ऑपरेशनआधी, चार महिन्यांनी आणि वर्षाने तीच प्रश्नावली दिली. स्तनांबद्दलचं समाधान आणि मनाचं स्वास्थ्य, दोन्ही आधीपेक्षा स्पष्टपणे वाढलेलं दिसलं. हा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला.

कधी थांबू नये तेही सांगते. एक बाजू अचानक फुगली, ताप आला, लाली पसरली, जखमेतून पू आला, किंवा पोटरी सुजून दम लागला, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठायचा.

८. पुढची वीस वर्षं

इम्प्लांट जन्मभराचं नसतं. दहा-पंधरा वर्षांत काहींना, त्यानंतर पुष्कळ जणींना दुसरं ऑपरेशन लागतं. पंचविशीत बसवलेलं इम्प्लांट निदान एकदा तरी बदलावं लागेल, असं धरूनच चाला.

पायात काटा राहिला तर शरीर त्याच्याभोवती पापुद्रा तयार करतं. इम्प्लांटभोवतीही तो होतोच आणि बहुतेकींमध्ये तो मऊ राहतो. काहींमध्ये मात्र तो आवळत जातो, स्तन कडक होतो, आकार बिघडतो, दुखतं. डॉक्टर त्याच्या चार श्रेणी करतात. तिसऱ्या-चौथ्या श्रेणीत बहुधा ऑपरेशन लागतं. दुसरी गोष्ट म्हणजे जेलची पिशवी आतल्या आत फाटली तरी बाहेरून काही कळत नाही. म्हणून एफडीए सुचवते की पाच-सहा वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय करावा आणि नंतर दर दोन-तीन वर्षांनी. बरीच वर्षं सगळं ठीक असताना एक स्तन अचानक मोठा झाला तर त्यातलं पाणी तपासून घ्यावं. आधी सांगितलेला लिम्फोमा असाच दिसतो. तो दुर्मीळ आहे आणि वेळेत सापडला तर बरा होतो.

स्तनांच्या नेहमीच्या कर्करोगाचं काय? नेदरलँड्समधल्या २,२६० ट्रान्स स्त्रियांच्या नोंदी तपासून २०१९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. धोका पुरुषांपेक्षा बराच जास्त आणि इतर स्त्रियांपेक्षा कमी. सरळ अर्थ असा की पन्नाशी गाठली आणि हार्मोन घेऊन पाच-दहा वर्षं झाली की दर दोन वर्षांनी मॅमोग्राफी करावी. तिथल्या तंत्रज्ञाला इम्प्लांट असल्याचं आधी सांगावं, कारण उशी मागे सरकवून वेगळ्या पद्धतीने फोटो घ्यावे लागतात.

९. पैसे आणि कागद

‘पॅकेज किती?’ या प्रश्नाचं उत्तर एकच आकडा आला तर तो फोडून मागा. इम्प्लांटची किंमत, सर्जन, भूलतज्ज्ञ, थिएटर, औषधं, खास ब्रा, नंतरच्या भेटी, आणि गुंतागुंत झाली तर पुन्हा थिएटरचे पैसे कोण देणार, हे सगळं कागदावर हवं.

खर्चासाठी कायद्याचा आधारही आहे. पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांबद्दलचा सर्वोच्च न्यायालयाचा नालसा निकाल १५ एप्रिल २०१४ चा. त्यानंतर आलेल्या, पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांच्या २०१९ च्या कायद्याच्या कलम १५ ने लिंगबदल शस्त्रक्रिया, हार्मोन आणि समुपदेशनाची सोय करणं आणि विमा देणं ही सरकारची जबाबदारी ठरवली. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राने आयुष्मान भारत योजनेत पारलिंगी व्यक्तींसाठी वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण जाहीर केलं. त्यासाठी तृतीयपंथी ओळखपत्र लागतं. तुमच्या भागातल्या कोणत्या रुग्णालयात स्तनांचं ऑपरेशन त्यात बसतं, हे योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा आणि उत्तर लेखी घ्या. ‘हे सौंदर्याचं ऑपरेशन आहे’ असं कुणी म्हणालं तर त्याच्यासमोर कलम १५ आणि तज्ज्ञाचा अभिप्राय ठेवा.

एक शेवटचा कागद आहे आणि तो सगळ्यात लहान आहे. प्रत्येक इम्प्लांटच्या खोक्यावर कंपनीचं नाव, आकार आणि अनुक्रमांक छापलेलं स्टिकर असतं. एक स्टिकर रुग्णालयाच्या फाइलमध्ये लागतं, दुसरं तुमच्या कार्डावर लागायला हवं. पीआयपीचा घोटाळा उघडकीला आला तेव्हा आपल्या छातीत कोणती पिशवी आहे हेच कितीतरी बायकांना सांगता येईना. घरी सोडण्याच्या दिवशी ते कार्ड हातात घेतल्याशिवाय रुग्णालयाची पायरी उतरू नका. त्याचा फोटो काढून विश्वासातल्या एका माणसाला पाठवा आणि कार्ड आधार कार्डाशेजारी ठेवा.